पीस पोस्टिंगमधली खूण

बेंगळुरूची पोस्टिंग आली की घरचे खूश होतात. हवा चांगली, मुलांना शाळा चांगल्या, कॅन्टीन जवळ, नशीब असेल तर क्वार्टरही लवकर मिळतं. उलसूर तलावाजवळ मद्रास सॅपर्सचं सेंटर, आग्रामला एएससी, शिवाय पॅराशूट रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर आणि सीएमपीचं सेंटर. या शहरात फौजी माणसाला परकं वाटत नाही. बर्फ नाही, गोळीबार नाही. गावाकडे विचारलं, "सध्या कुठं?" आणि बेंगळुरू म्हटलं की माणसं हसून म्हणतात, "मग मजा आहे की!"

मी दोन वेळा फील्ड केली. एकदा हाय अल्टिट्यूड, एकदा काश्मीर. दोन्ही ठिकाणाहून धड परत आलो. माझ्या अंगावरची एकमेव मोठी खूण, डाव्या खांद्यावरची, ही बेंगळुरूची आहे. कारण एक स्प्लिट पिन. तीच हकीकत आज लिहितो.

२००० नंतरची पहिली काही वर्षं होती. आमच्या एमटी पार्कमध्ये तेव्हा जुन्या आणि नव्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असत. स्टॅलियन आणि टाटा येत होत्या, शक्तिमान जात होती. निवृत्त मंडळींना शक्तिमान आठवत असेलच. जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत ती बनायला लागली, पुढे तिथल्याच व्हेईकल फॅक्टरीतून नव्वदच्या दशकापर्यंत निघत राहिली. एकाच मॉडेलवर बापाने आणि मुलाने ड्रायव्हरी केली, असं आमच्यात गमतीने म्हणत. आमची अपघाताची गाडी कोणत्या मेकची होती ते मी लिहीत नाही. दोष मेकचा नव्हता, वयाचा होता.

नोव्हेंबर महिना. कोलारच्या बाजूला चार दिवसांची एक्सरसाइज संपवून आम्ही दोन गाड्या घेऊन परतत होतो. पुढच्या गाडीत सामान, तंबू, रिकामी खोकी. मागच्या थ्री-टनमध्ये मागे अकरा जवान, पुढे ड्रायव्हर आणि व्हेईकल कमांडर म्हणून मी. सामान एका गाडीत आणि माणसं दुसऱ्या गाडीत, हे आमच्या सुभेदार साहेबांनी निघताना उभं राहून करून घेतलं होतं. पोरं कुरकुरत होती, कारण सामानावर आडवं पडून झोपता येतं. त्या कुरकुरीची किंमत पुढे कळली.

ड्रायव्हर तामिळ नायक होता. बारा वर्षांची सर्व्हिस, अबोल माणूस. गाडी चाळीसच्या वर नेत नसे. मागून खासगी गाड्या हॉर्न वाजवत निघून जायच्या, याच्या चेहऱ्यावर रेघ हलायची नाही.

होसकोटे अजून पुढे होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निलगिरी, मधे मधे कापणीला आलेली नाचणी. एक हलकासा उतार, पुढे डावीकडे वळण. समोरून एक लाल बस येत होती. ड्रायव्हरने वळणासाठी स्टेरिंग फिरवलं आणि मला त्याचे हात विचित्र दिसले. एरवी त्या गाडीचं स्टेरिंग म्हणजे खांद्याची कसरत. या वेळी चाक पंख्यासारखं फिरलं.

तो फक्त एवढंच म्हणाला, "उस्ताद, स्टेरिंग फ्री हो गया."

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला त्याचा अर्थ समजायला एक क्षण जास्त लागला.

ज्यांचा गाडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण स्टेरिंग फिरवतो ते थेट चाकांना लागलेलं नसतं. खाली स्टेरिंग बॉक्स असतो, त्याला एक आर्म असतो, त्या आर्मपासून पुढच्या चाकापर्यंत एक लोखंडी दांडा जातो. त्याला ड्रॅग लिंक म्हणतात. दांड्याच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट. जॉइंटचा स्टड आर्मच्या भोकात बसवून वरून नट आवळतात आणि नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालतात. टोकं वाकवलेली तारेसारखी साधी पिन. ती गेली तर नट लगेच पडत नाही. हादऱ्याहादऱ्याने, कित्येक किलोमीटर, हळूहळू सुटत जातो. मग एका वळणावर स्टड बाहेर येतो आणि ड्रायव्हरच्या हातात उरतं नुसतं चाक.

समोर बस. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला असता तर गाडी कुठे वळली असती ते देवाला ठाऊक. त्याने तसं केलं नाही. हॉर्नवर हात ठेवला आणि ब्रेक दाबत, सोडत, पुन्हा दाबत गेला. रस्ता कडेला उतरता होता, त्यामुळे गाडी आपोआप डावीकडे ओढली जात होती. बस आमच्या उजव्या आरशाला घासेल इतक्या जवळून गेली. बसच्या खिडकीतलं एक लहान मूल आमच्याकडे बघत होतं, ते मला अजून दिसतं. त्यानंतर आमचं डावं पुढचं चाक डांबरावरून उतरून मऊ मातीत रुतलं आणि गाडी सावकाश, म्हणजे मला तरी सावकाश वाटली, डाव्या अंगावर आडवी झाली. माझ्याच अंगावर.

आवाज थांबल्यावर इंजिन अजून चालू होतं. ड्रायव्हरच्या कपाळातून रक्त वाहत होतं. त्या अवस्थेत त्याने आधी स्टॉपर खेचून इंजिन बंद केलं. मग मागे ओरडला, "गिनती करो! गिनती करो!" ताडपत्रीखालून एकेक आकडा येऊ लागला. दहापर्यंत आला. अकरावा आला नाही.

अकरावा होता सोलापूर जिल्ह्यातला बावीस वर्षांचा शिपाई. युनिटच्या कबड्डी टीमचा रेडर. शुद्धीवर होता, पण उजवी मांडी बाकाच्या लोखंडात अडकली होती आणि दात आवळल्यामुळे त्याच्या तोंडून आकडा निघत नव्हता. त्या जागी खोकी असती तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

शेतातून माणसं धावत आली. त्यांना आमची हिंदी येत नव्हती, आम्हाला त्यांची कन्नड. एक बाई घागर घेऊन "नीरू, नीरू" म्हणत प्रत्येकाच्या तोंडाशी पाणी नेत होती. कुणीतरी घरातून बाज आणली आणि तिच्यावर घालून त्या पोराला रस्त्यापर्यंत नेलं. संध्याकाळपर्यंत आम्ही जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एअर फोर्सच्या कमांड हॉस्पिटलात होतो. माझं कॉलर बोन आणि तीन बरगड्या. ड्रायव्हरला सहा टाके. पोराच्या मांडीचं हाड मोडलं होतं, आत रॉड घातला.

आता खरी गोष्ट सुरू होते. फौजेत गाडी उलटली की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. प्रश्न ठरलेले असतात. स्पीड किती होता? ड्रायव्हर रात्री झोपला होता का? दारू? फर्स्ट परेड झाली होती का? कार डायरीवर सही कुणाची? शेवटी निष्कर्षाच्या रकान्यात दोनपैकी एक गोष्ट येणार असते. चालकाचा हलगर्जीपणा, किंवा यांत्रिक बिघाड. बाहेरच्या माणसाला हा कागदावरचा फरक वाटेल. ड्रायव्हरसाठी त्यात प्रमोशन असतं, कॅरेक्टर असतं, आणि गावात मान वर करून जायचं की नाही तेही असतं.

मी खांदा बांधलेल्या अवस्थेत साक्ष दिली. जे पाहिलं ते सांगितलं. चाळीसच्या आत होतो, चाक मोकळं फिरलं, ब्रेक टप्प्याटप्प्याने मारला. पण साक्षीपेक्षा दोन गोष्टी जास्त बोलल्या. पहिली, ईएमईची टेक्निकल तपासणी. नट गायब, स्टडचे आटे झिजलेले, पिनचा पत्ता नाही. दुसरी, डिफेक्ट रजिस्टर. त्या अबोल माणसाने आधीच्या महिन्यात दोनदा आपल्या वेड्यावाकड्या हिंदीत लिहून ठेवलं होतं की स्टेरिंगमध्ये प्ले जास्त आहे. पार्टची मागणी गेलेली होती. पार्ट आलेला नव्हता. गाडी कमी, काम जास्त, म्हणून गाडी रोडवर होती.

निष्कर्ष आला: यांत्रिक बिघाड, चालक दोषी नाही. मग दोषी कोण? त्या रकान्यात कुणाचं नाव नव्हतं, आणि मीही इथे कुणाचं लिहिणार नाही. एवढं सांगतो की अपघाताच्या दुसऱ्या दिवशी एमटीच्या जेसीओंनी सगळ्या जुन्या गाड्यांच्या खाली माणसं घातली. एका गाडीत पिनऐवजी कुंपणाची तार पिळून बसवलेली निघाली. ती कुणी, कधी बसवली, कुणालाच आठवेना. त्या दिवशी काम भागलं असणार, आणि उद्या पिन घालू म्हटलं असणार.

सोलापूरच्या पोराचे वडील उद्यान एक्स्प्रेसने आले. धोतर, टोपी, हातात भाकरीचं गाठोडं. वॉर्डात मराठी बोलणारा मीच, म्हणून माझ्या खाटेजवळ बसले. थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूच विचारलं, "साहेब, लढाई कुठं झाली म्हणायची?"

मी म्हटलं, "लढाई नव्हती, काका. गाडी उलटली."

"मग गावात काय सांगू?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. शेवटी म्हणालो, "ड्यूटीवर होता, एवढं सांगा. ते खरं आहे, आणि पुरेसं आहे." त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, सांगता येत नाही. कागदोपत्री मात्र ते तसंच लागलं. इन्जुरी रिपोर्टमध्ये दुखापत ड्यूटीवर झाल्याची नोंद झाली, आणि पुढे त्या पोराला तोच एक कागद उपयोगी पडला. पाय वाचला, थोडा आखूड राहिला. लो मेडिकल कॅटेगरीत त्याने स्टोअरमध्ये नोकरी केली. कबड्डी संपली.

त्या काकांचा प्रश्न मला नंतर पुन्हा पुन्हा ऐकू आला. २७ मे २०२२ ला लडाखमध्ये तुर्तुकजवळ २६ जवानांची गाडी श्योक नदीच्या बाजूला खाली कोसळली. सात जण गेले, त्यांत आपल्या सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतले जवान होते. २४ डिसेंबर २०२४ ला पूंछमध्ये बलनोईला जाणारी गाडी दरीत पडली. त्या दिवशी मराठा लाइट इन्फंट्रीचे पाच जवान गेले. त्या अपघातांची कारणं वेगळी असतील, रस्ते तर आमच्या रस्त्यापेक्षा कितीतरी अवघड. पण त्या घरांतही कुणा बापाने हाच प्रश्न विचारला असेल. शत्रू नाही, गोळी नाही, आणि मुलगा नाही. त्याला आपण सगळ्यांनी तेच उत्तर द्यायला हवं: ड्यूटीवर होता.

जे आज नोकरीत आहेत, त्यांच्यासाठी एक साधी गोष्ट. दोन माणसं लागतात आणि पाच मिनिटं. एकाने केबिनमध्ये बसून स्टेरिंग डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं. दुसऱ्याने खाली जाऊन प्रत्येक जॉइंटवर हात ठेवायचा. हाताला खटखट लागली तर गाडी बाजूला. नटातून पिन आरपार दिसली पाहिजे, आणि ती पिनच असली पाहिजे. ड्रायव्हरने रजिस्टरमध्ये काही लिहिलं असेल तर त्याच्या हिंदीला हसू नका, वाचा. आणि माणसं व सामान एका गाडीत भरू नका, कितीही कुरकुर झाली तरी.

तो तामिळ नायक पुढे हवालदार झाला. डिस्चार्जच्या दिवशी मला घ्यायला तोच आला होता, दुसरी गाडी घेऊन. मी चढायच्या आधी तो गाडीखाली वाकून आला, हात पुसले आणि म्हणाला, "उस्ताद, आपने एक बार भी नहीं पूछा कि गलती मेरी थी क्या."

मी म्हटलं, "मैं बाजू में बैठा था."

तो पहिल्यांदाच हसलेला मी पाहिला. गाडी चाळीसच्या वर गेली नाही.

जय हिंद.