उलाळ

ओढणे आणि ढकलणे या परस्परविरुद्ध क्रिया आहेत असे आपण शाळेत शिकतो. परंतु ज्याने मोटारीमागे दुसरे चाकांचे वाहन जोडून दहा-वीस कोसांचा प्रवास केला आहे, त्यास या दोहोंमधील सीमारेषा किती पुसट आहे हे ठाऊक असते. चढावर जे निमूटपणे मागून येत असते तेच उतारावर आपल्याला पुढे लोटू लागते. वळणावर ते आतल्या बाजूचा जवळचा मार्ग धरते. आणि वेग वाढला की केव्हा डोलू लागेल याचा नेम नसतो. सुकाणूचक्र आपल्या हाती असते, म्हणून सत्ताही आपलीच, असा पुढे बसणाऱ्याचा समज असतो. तो समज कितपत खरा, याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर आमच्या मातोश्रींमुळे आला.

मातोश्रींचे वय आता ब्याऐंशी. माहेर वऱ्हाडातले, लग्नानंतरचे सारे आयुष्य जबलपुरात, त्यातही सदरमध्ये गेले. नर्मदा त्यांनी ग्वारीघाटावर पाहिली, तिलवाराघाटावर पाहिली, भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वाहताना पाहिली. पण जिथे ती उगम पावते ते अमरकंटक मात्र पाहावयाचे राहून गेले होते. गुडघे गेलेले, रात्री तीनदा उठावे लागते, परक्या अंथरुणावर झोप नाही. धर्मशाळेत किंवा हॉटेलात उतरणे त्यांना मानवत नाही. तेव्हा आमच्या मध्यम आकाराच्या पिकअप गाडीमागे एक लहानशी घरगाडी जोडावी, तीत त्यांचा पलंग, शौचाची सोय व चहापाण्याची चूल असावी, आणि वाटेत जिथे थकवा येईल तिथे थांबावे, असे ठरले. परदेशात अशा घरगाड्या सर्रास दिसतात. आपल्याकडे अद्याप त्या अपूर्वाईच्या आहेत. एका कारागिराने दोन चाकांवर ती उभी केली, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिची स्वतंत्र नोंदणी झाली, ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही तिच्या पाठीवर लागला, आणि ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

जबलपूरला अशी जोडगाडी नवी वाटावयास नको. या गावाचा अर्धा संसार ओढण्याच्या विद्येवरच उभा आहे. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी निघाली. तोफगाडा म्हणजे तोफेला चाकांवर ठेवून ओढीत नेण्याची युक्ती. घोड्यांच्या काळी तोफेची शेपटी पुढच्या एका दुचाकी गाड्यावर टेकवीत, आणि तो गाडा घोडे ओढीत. तोफेचा काही भार असा पुढच्याने उचलून घेतल्याखेरीज ती नीट मागोमाग येत नसे. २०१९ साली सैन्याच्या हवाली झालेली १५५ मिलिमीटरची धनुष तोफ याच कारखान्यातली, आणि तीही ओढून न्यावयाचीच. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. तेथल्या जोंगा गाडीचे नावच जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. १९९९ पर्यंत ती बनत होती. सदरच्या रस्त्यावरून सैन्याच्या गाड्या आपापले ट्रेलर घेऊन जाताना आम्ही लहानपणापासून पाहिल्या. पाहणे आणि जाणणे यांत अंतर असते, एवढेच.

आमच्या शेजारी त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहतात. त्यांनी घरगाडीभोवती एक फेरी मारली, मागचा कोपरा हाताने खाली दाबून पाहिला, आणि मान हलवून म्हणाले, “साहब, ये तो उलार है.”

हा शब्द आम्हांस कळेना. दारातल्या खुर्चीवर बसलेल्या मातोश्रींना मात्र तो तत्काळ कळला. त्या म्हणाल्या, “अरे, उलाळ म्हणताहेत ते! बंडी मागून जड झाली की उलाळ होते. मग जू वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याखालचे जोते आवळते. बैल ओढील काय, त्याला श्वासच घेता येत नाही. आमच्याकडे गाडीवान आधी पोती पुढे सरकवायचा, मग बैल जुंपायचा.”

वऱ्हाडी बंडीतला उलाळ आणि महाकोशलातल्या मिस्त्र्यांचा उलार हे एकाच घरचे दोन भाऊ असावेत. इतकी वर्षे या दोघांच्या दारांमध्ये एक भिंत होती आणि एक शब्द दोन्ही बाजूंस नांदत होता. त्याची ओळख पटावयास लोखंडी घरगाडी यावी लागली. परप्रांतात राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना असे भाग्य मधूनमधून लाभते.

त्या शब्दात शास्त्र सारे आले आहे. दोन चाकांच्या घरगाडीचे वजन मुख्यतः तिच्या आखावर पडते. परंतु तिच्या नाकाने, म्हणजे पुढच्या जोडाने, ओढणाऱ्या गाडीवरही काही भार टाकला पाहिजे. अमेरिकेत रूढ असलेला नियम असा की घरगाडीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार नाकावर असावा. तो फार कमी झाला तर मागचा भाग वेगात घड्याळाच्या लंबकासारखा झोके घेऊ लागतो, आणि प्रत्येक झोका मागल्याहून मोठा होऊ शकतो. फार जास्त झाला तर ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात, आणि सुकाणू व ब्रेक या दोहोंची पकड ढिली पडते. शिवाय हा नाकावरचा भार पिकअपच्या वाहनक्षमतेतच धरावयाचा असतो. माणसे, सामान आणि तो, मिळून एकच हिशेब.

मिस्त्री आम्हांस धर्मकाट्यावर घेऊन गेले. भरलेल्या घरगाडीचे वजन निघाले ९८० किलो. घरी येऊन नाकाखाली एक लाकडी ठोकळा आणि त्याखाली माणसे तोलण्याचा घरगुती काटा ठेवला; तो ५८ किलो दाखवू लागला, म्हणजे जेमतेम सहा टक्के. पाण्याची टाकी आखाच्या मागे दीड मीटरवर होती. तीत साठ लिटर, म्हणजे साठ किलो पाणी. मिस्त्र्यांनी ते सोडून दिले. एकूण वजन ९२० वर आले आणि नाकावरचा भार मात्र वाढून ८८ झाला. पाणी तर अमरकंटकलाही मिळते, असे ते म्हणाले. मग मागच्या कपाटातली पंचवीस किलोंची भांड्यांची पेटी आखाच्या थोडी पुढे आणून जमिनीलगत बांधली, तेव्हा काटा १०३ वर स्थिरावला. सव्वाअकरा टक्के. तेवढ्याने मिस्त्र्यांचे समाधान झाले.

इतके होईपर्यंत गाडी तसूभरही हलली नव्हती. मदनमहालच्या टेकडीवर एका खडकावर दुसरा खडक केवळ तोलावर टेकलेला आहे; १९९७ च्या मे महिन्यातल्या भूकंपातही तो ढळला नाही. त्याचे जबलपूरकरांना मोठे कौतुक. पण तो तोल उभ्याचा तोल आहे. चालत्या वस्तूचा तोल निराळा. तो उभ्यानेच साधून ठेवावा लागतो, कारण चालू लागल्यावर साधावयास अवसर नसतो.

आता खरा कठीण प्रश्न उरला. मातोश्रींचा बेत असा होता की आपण घरगाडीतल्या पलंगावर पडून प्रवास करावा. पलंग त्यांच्यासाठीच केला होता, तेव्हा तो बेत अयोग्य म्हणता येत नव्हता. बसून त्यांची कंबर दुखते, हेही खरे. मिस्त्री या बाबतीत काही बोलेनात. वडीलधाऱ्या बाईंना नाही म्हणण्याचे काम त्यांनी आमच्यावर सोडले. आम्ही त्यांना सांगितले की चालत्या घरगाडीत कोणीही बसावयाचे नाही. तिथे कमरेला पट्टा नाही, मागे काय चालले आहे ते पुढच्याला दिसत नाही, आणि काही विपरीत घडलेच तर झोका, उलटणे, तुटणे हे सारे आधी तिच्याच वाट्यास येते. मातोश्री दोन दिवस आमच्याशी फारसे बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या पितळी देवघराची पेटी स्वतःच गाठोड्यातून बाहेर काढून ठेवली आणि म्हणाल्या, “देव घरीच राहू दे. नऊ-दहा किलोंचे आहेत. आणि पुढे माझ्या पाठीला उशी लाव.”

निघण्यापूर्वीची मिस्त्र्यांची पद्धत वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. जोडाचा गोळा व त्यावरची टोपी नीट अडकली की नाही हे पाहण्यासाठी टोपीचा खटका लावून नाक वर उचलून पाहावे. गाडीची मागची बाजू सोबत उचलली गेली तर जोड पक्का. दोन साखळ्या नाकाखाली एकमेकींना छेद देऊन बांधाव्या, म्हणजे जोड सुटलाच तर नाक रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. मागचे दिवे, दोन्ही बाजूंचे लांब आरसे, टायरांतील हवा पाहावी. चाकांच्या नटा पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळाव्या. घरगाडीला स्वतःचे ब्रेक हवेतच. आमच्या घरगाडीचे ब्रेक मोठे चतुर आहेत: पुढची गाडी मंदावली की मागची नाकाने तिला ढकलू पाहते, आणि त्या ढकलण्यानेच तिचे स्वतःचे ब्रेक लागतात. तिच्या उतावळेपणातूनच तिचा संयम निर्माण करणारी ही रचना पाहून आम्हांस फार आनंद झाला.

मागे नेण्याचा अभ्यास एका मोकळ्या मैदानावर केला. चक्राचा खालचा भाग हाताने धरावा. हात ज्या बाजूस न्याल त्या बाजूस घरगाडीची पाठ वळते. आखूड घरगाडी फार चटकन आडवी होते, म्हणून हात थोडाच हलवावा आणि बिघडले तर पुढे येऊन नव्याने आरंभ करावा.

कार्तिकातल्या एका पहाटे आम्ही सदर सोडले. कुंडम, शहापुरा, दिंडोरी, करंजिया असा दोनशेहून अधिक किलोमीटरांचा रस्ता. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांच्या आसपास, अमरकंटक हजाराहून थोडे वर. ताशी पन्नासच्या वर जावयाचे नाही असे ठरले होते. वेग दुप्पट झाला की थांबविण्याचे काम चौपट होते. आणि येथे तर मागे जवळजवळ एक टन वजन होते. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर राखले.

शहापुऱ्याच्या पुढे एक बस वेगाने आमच्या शेजारून गेली. तिच्या वाऱ्याचा धक्का लागला आणि आरशात घरगाडीची पाठ एकदा डावीकडे, मग उजवीकडे झुकलेली दिसली. अशा वेळी मन दोन गोष्टी सांगते: ब्रेक दाब, आणि चक्र उलट फिरव. दोन्ही घातक, ब्रेकने मागचे वजन पुढच्यावर चालून येते, आणि चक्र फिरविल्याने झोक्यात भर पडते. चक्र सरळ धरून नुसता पाय वर घ्यावयाचा. आम्ही तसे केले. तिसऱ्या झोक्याला ती शांत झाली. शेजारी मातोश्रींनी डोळे मिटले होते; ते उघडून त्यांनी विचारले, “बसली का जागेवर?” आम्ही होय म्हणालो. “पोती पुढे आहेत, म्हणून,” त्या म्हणाल्या.

चढाचे भय वाटत नाही. इंजिन धापा टाकते तेवढेच. दक्षता उतारावर हवी. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा, इंजिनालाच वेग आवरू द्यावा, आणि ब्रेक मधूनमधून लावून सोडावा. सतत दाबून ठेवला तर तो तापून निकामी होतो. कबीरचबुतऱ्याजवळच्या सालवनातून आम्ही बैलगाडीच्या चालीने गेलो, आणि मागे रांग लागली की बाजूस थांबून लोकांना पुढे जाऊ दिले. मातोश्री दोनदा घरगाडीत जाऊन पडल्या. दोन्ही वेळा गाडी उभी होती आणि चाकांना दगड लावलेले होते.

अमरकंटकास दिवेलागणीस पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडाच्या पायऱ्यांशी मातोश्रींना खुर्चीवरून नेले. त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, काही वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, “एवढीशीच आहे की रे!” मग ग्वारीघाटावरची तिची रुंदी आठवली असावी, पुढे काही बोलल्या नाहीत.

परतताना उतार अधिक, म्हणून निघण्यापूर्वी आम्ही नाकाखालचा ठोकळा पुन्हा काढला. मातोश्रींनी देवांसाठी दोन कळशा नर्मदाजल भरून घेतले होते. ते कुठे ठेवावयाचे ते त्यांनीच दाखविले: आखाच्या पुढे, जमिनीलगत, दोरीने आवळून.