एडिंबऱ्याला जायचं तर जूनमध्ये



लेकीकडे एडिंबऱ्याला दोनदा जाऊन आले, तेव्हापासून देवळात कुणी ना कुणी विचारतंच, "काकू, चार दिवसांत तिथं काय काय बघावं?" बघायचं सांगतेच. पण आधी कधी जायचं ते सांगते, आपल्या दृष्टीनं तेच महत्त्वाचं.

पहिल्यांदा गेले ती डिसेंबरात. नाताळच्या आधीचा आठवडा, शहर दिव्यांनी सजलेलं. पण तिथं तेव्हा सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमाराला आणि मावळतो पावणेचारच्या आत. माझा रात्रीभोजन त्यागाचा नियम पंचवीस वर्षांचा. सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, जेवण आटपायचं. दुपारी पावणेतीनलाच माझं ताट धुऊन पालथं! लेक ऑफिसातून यायची सहाला. ती जेवायची आणि मी समोर नुसती बसायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, परदेशात सूट घे की गं." मी उगाच चिडले तिच्यावर. नियम मोडावासा वाटला नाही, आजही वाटत नाही. पण चार दिवसांत लेकीबरोबर संध्याकाळचा एक घास झाला नाही, हे विमानात बसल्यावर फार लागलं.

पुढच्या खेपेला जून गाठला. आपल्या मलकापुरात तेव्हा सात-सव्वासातला दिवस मावळतो, तिथं रात्री दहाला! साडेसातला दोघी जेवायला बसलो तर ऊन ताटात आलेलं. मुगाची आमटी, कोबीची भाजी, भात. पोरगी दोनदा भात मागून जेवली. एकच सांभाळा, उजेडावर जाऊ नका. सूर्य मावळल्यावरही तिथं बराच वेळ लख्ख दिसतं. वेळ फोनवर बघा.

खाण्याचं म्हणाल तर तिथलं शाकाहारी म्हणजे बहुतेक बटाटा. म्हणून छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. बिनलसणाची शेंगाची चटणी, भाजणी, मेतकूट न्या. पेढे, खवा नेऊ नका, दूधदुभतं आत नेऊ देत नाहीत. पाकिटावर अंडं असेल तर ते ठळक अक्षरात छापलेलं असतं. जिलेटिन मात्र ठळक नसतं, ते शोधून वाचावं लागतं. चीजवर 'व्हेजिटेरियन' लिहिलंय का बघा.

आता बघण्याचं. किल्ला विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर उभा आहे, तिकीट आधीच काढून ठेवा. रविवार सोडून रोज दुपारी एकला तोफ उडते, दचकाल! किल्ल्यापासून खाली जाणारा रस्ता म्हणजे रॉयल माइल. दगडी फरसबंदी आहे, चपला नकोत, बूट घाला. याच रस्त्यावर कॅननगेटच्या चर्चच्या आवारात ॲडम स्मिथची समाधी आहे. बी.कॉम.ला अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात भेटलेला माणूस! जाळीपाशी मी चांगली दहा मिनिटं उभी होते, लेक हसत होती. राष्ट्रीय संग्रहालय आणि बोटॅनिक गार्डन दोन्ही फुकट. आर्थर्स सीट ही टेकडी २५१ मीटरची, गुडघे बरे असतील तरच चढा.

पावसाला आपण मलकापूरकर काय भिणार! पण तिथला वारा छत्री उलटी करतो, टोपीचा रेनकोटच न्या. तिथल्या बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या तिथंच संपवा, लंडनमध्ये दुकानदार उलटसुलट करून बघत बसतात.

आता माझी नणंद ऑक्टोबरात निघालीय. तिला म्हटलं, शेवटच्या रविवारच्या आत परत ये. त्या पहाटे तिथली घड्याळं एक तास मागं घेतात. शनिवारी पावणेसहाच्या सुमाराला होणारा सूर्यास्त रविवारी पावणेपाचच्या सुमारालाच होतो.