राजवाड्याचं भुयार आणि पिठाचा कोंबडा



पापड-लोणची आणि व्रत-पारणी जरा बाजूला ठेवून ह्या वेळी कॉम्प्युटरच्या खेळाबद्दल लिहिते आहे. हसू नका, हा प्रश्न आपल्या प्रत्येकीच्या घरात कधी ना कधी येतोच. माझ्या धाकट्या बहिणीकडे तो जरा मोठा होऊन आला. तिची लेक अॅनिमेशन शिकली आणि आता पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करायची म्हणते. तिच्या घरच्यांचं म्हणणं, तलवारबाजीच्या खेळातून आलेला पैसा आपल्या घरात कसा चालेल? बहीण मला म्हणाली, "ताई, तू बी.कॉम. आहेस, तूच हिशेब करून सांग."

हिशेब करायचा तर आधी नोंदी बघाव्या लागतात. मला ओळखीचा असा एकच खेळ, प्रिन्स ऑफ पर्शिया. नव्वदच्या दशकात माझा मुलगा नाकाडोंगरीहून एसटीनं तुमसरला कॉम्प्युटर शिकायला जायचा. शिकवणी संपली की शेवटची पंधरा-वीस मिनिटं मुलांना हा खेळ मिळायचा. घरी आल्यावर मी तांदूळ निवडत बसलेली असले की तो मला सगळा राजवाडा तोंडी फिरवून आणायचा.

गोष्ट अशी. सुलतान लढाईवर गेलेला. जाफर नावाचा वजीर गादी बळकावतो आणि राजकन्येला एका तासाची मुदत देतो, लग्न कर नाहीतर मर. तिचा राजपुत्र राजवाड्याखालच्या भुयारात कैद. खेळणाऱ्यानं 60 मिनिटांत 12 टप्पे पार करून तिच्यापर्यंत पोहोचायचं. आमच्याकडच्या मुलांना भुयार समजावून सांगावं लागत नाही. जवळच चिखल्याची मॅंगनीजची खाण आहे, तिथे माणसं जमिनीखाली उतरून काम करतात. पण ह्या भुयारात पाय ठेवला की फरशी निखळते, जमिनीतून सुळे वर येतात, दारात कात्रीसारखी पाती मिटतात. एखादी फरशी दाबली गेली तर कुठलं तरी फाटक उघडतं, दुसरी दाबली गेली तर बंद होतं. वाटेत बाटल्या ठेवलेल्या असतात, काहींत औषध, काहींत विष. म्हणजे पाऊल बघून टाकायचं. माझ्या सासूबाई हे ऐकून म्हणाल्या होत्या, "हे तर ईर्यासमितीच झालं की!"

हा खेळ जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणानं 1989 मध्ये तयार केला. राजपुत्राचं धावणं, उडी मारणं, कड्याला लोंबकळणं खरं वाटावं म्हणून त्यानं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. संगीत वडिलांकडून करून घेतलं. एका परीनं घरगुती उद्योगच म्हणा.

पुढे खेळात शत्रू हवा होता, पण त्या काळच्या कॉम्प्युटरमध्ये नवी चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मग त्यानं जुन्या लुगड्याची गोधडी शिवावी तसं केलं. राजपुत्राचीच चित्रं थोडी फिरवून वापरली आणि त्यातून एक छाया-राजपुत्र तयार झाला. राजवाड्यात एक आरसा लागतो. राजपुत्र धावत येऊन त्यातून उडी मारतो आणि दुसऱ्या बाजूनं त्याची छाया बाहेर पडते. पुढे ती त्याची औषधाची बाटली पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर फाटक बंद करते. शेवटी दोघं तलवार उपसून समोरासमोर येतात. राजपुत्रानं छायेवर वार केला की इजा त्यालाच होते. ह्यातून वाट एकच, तलवार म्यान करायची. मग छायाही तलवार ठेवते आणि दोघं एकरूप होतात. माझ्या मुलाला हे कळायला खूप दिवस लागले होते. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी जेवताना तो एकच वाक्य परत परत सांगत होता, "आई, मारायचंच नव्हतं!"

आणखी एका टप्प्यात राजपुत्र बंद फाटकामागे अडकतो. तेव्हा राजकन्येनं पाठवलेला एक पांढरा उंदीर येऊन फरशी दाबतो आणि फाटक उघडतं. ते पिटुकलं जनावर आलं नाही तर राजपुत्र तिथेच अडकून राहतो.

ही झाली जमेची बाजू. आता नावेची. वाटेत पहारेकरी येतात आणि त्यांना तलवारीनं मारावंच लागतं. "ती नुसती चित्रं आहेत, कुठे खरा जीव मरतो?" असं मुलं म्हणतात. इथे आपल्याला यशोधर राजाची कथा आठवायला हवी. सोमदेवसूरींनी 959 मध्ये यशस्तिलकात ती सांगितली आहे. राजा आईला वाईट स्वप्न पडल्याचं सांगतो. आई चंद्रमती म्हणते, शांतीसाठी बळी दे. राजा नकार देतो, पण आईच्या हट्टापुढे नमून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतो. खरा जीव एकही गेला नाही. तरीही मारण्याचा भाव झाला म्हणून दोघांना मोर, कुत्रा अशा कितीतरी तिर्यंच योनींतून फिरावं लागलं. तेव्हा पडद्यावरचा शत्रू पिठाचा आहे, एवढ्यानं सुटका होत नाही. मारताना मनात काय चालू होतं, तेच बघायचं.

भाची मला म्हणाली, "मावशी, मी माणसं काढणारच नाही. मी राजवाडे काढणार. खांब, जाळ्या, दिवे, पाण्याची कारंजी." मी म्हटलं, "बाळा, सुळे बाहेर येणारी फरशीसुद्धा कोणी तरी काढतंच ना? आपल्यात कृत, कारित, अनुमोदना तिन्ही मोजतात. भागीदारीत एकट्या नफ्याचा वाटा घेता येत नाही." ती गप्प झाली. पण रागावली नाही.

मग तिनंच मला पुढची गोष्ट सांगितली. ह्याच मालिकेतला 'सँड्स ऑफ टाइम' हा खेळ 2003 मध्ये आला. त्याची सुरुवात आपल्या देशातल्या एका महाराजाच्या राजवाड्यात होते. राजपुत्र तिथून एक जादूचा खंजीर लुटतो. त्या खंजिरानं काळ थोडा मागे नेता येतो, पडलेली उडी परत मारता येते. त्या लुटीतून पुढे सगळा अनर्थ होतो, राजवाड्यातली माणसं वाळूचे राक्षस होतात. शेवटी राजपुत्र काळ पार मागे नेतो आणि तो खंजीर महाराजाच्या मुलीला, फराहला, स्वतःच्या हातानं परत देतो. हा खेळ नव्यानं करण्याचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. सप्टेंबर 2020 मध्ये तशी घोषणा झाली. खेळाची तारीख पुढे पुढे ढकलली गेली आणि 2022 मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. म्हणजे ह्या धंद्यात दोन-दोन वर्षांची मेहनतही दुसऱ्याकडे जाऊ शकते. नोकरीचा विचार करताना हेही मांडायला हवं, आणि ते मी बहिणीला स्पष्ट सांगितलं.

माझं मत मात्र मी दिलं, मुलीला जाऊ द्या. आपली माणसं तिथे नसली म्हणून असे खेळ बनायचे थांबणार नाहीत आणि आपली नातवंडं ते खेळणारच आहेत. तलवार म्यान केल्यावरच वाट उघडते, असा शेवटही कोणाला तरी सुचलाच होता. तो सुचणारं एखादं डोकं आपल्या घरातलं का नसावं? पण प्रत्येक कामाच्या वेळी तिनं स्वतःला विचारावं, ह्यात मारायची मजा वाटावी म्हणून मी काही घालते आहे का? घालायला सांगितलं तर नाही म्हणायची तयारी ठेवावी, मग पगार कमी झाला तरी चालेल. मेहुण्यांना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. त्यांची काळजीही खोटी नाही.

तुमच्या घरी मुलं खेळत असतील तर मोबाईल हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसा आणि विचारा, "ह्यात न मारता पुढे जायची वाट आहे का रे?" काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.