न उठलेलं गाव

कॅन्ससच्या वायव्येला, ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्यालगत निकोडेमस बसून आहे. अंगाने लहान, हट्टाला पक्कं. भोवती गहू, गवत आणि उसंत न घेणारा वारा. झाड शोधावं लागतं. या गावाने माणसांचे शब्द फार ऐकले आणि त्यांतले थोडेच खरे झालेले पाहिले.

१८७७ साली डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी केंटकीत, गुलामीतून सुटून जेमतेम बारा वर्षं झालेल्या माणसांपुढे सुपीक भूमीचं चित्र उभं केलं. सप्टेंबरात तीनशेच्या आसपास माणसं आली, तर गाव दिसेना. आधी आलेली मंडळी जमीन कोरून तिच्या पोटात राहत होती. वर दिसत होता तो चुलींचा धूर. काही जण आल्या पावली परतले. उरलेल्यांची पहिल्या हिवाळ्यात उपासमार होत असताना शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी त्यांना मांस दिलं. जमीन गमावत चाललेल्यांनी जमीन पहिल्यांदाच मिळालेल्यांना जगवलं. निकोडेमसच्या स्वभावातला ओलावा तिथूनच आला, असं मला वाटतं.

मग गाव तरारलं. शाळा, चर्च, हॉटेल, दोन वर्तमानपत्रं. इथलेच एडवर्ड मॅककेब १८८२ साली राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले. आता रेल्वे यायची तेवढी बाकी होती. ती आली १८८८ साली, पण नदीच्या पलीकडून. दुकानदारांनी चंबूगबाळं आवरून तिकडच्या बोग गावी बस्तान हलवलं. अशा घावाने मिडवेस्टातली कितीतरी गावं उठली. हे उठलं नाही. शेतकरी राहिले. मंदी आणि धुळीच्या वादळांनी घरं रिकामी होत असताना, १९३९ साली, सरकारी रोजगार योजनेतून इथे चुनखडीच्या दगडाचा टाऊनशिप हॉल उभा राहिला. गाव मोडत असताना चार लोकांनी एकत्र बसायला जागा बांधायची, हा निर्धार मला फार मोठा वाटतो.

पुढे १९५३ साली पोस्ट गेलं, १९६० साली शाळा मिटली. १९९६ साली मात्र देशाने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला. आज बारमाही राहणारी माणसं मोजकीच. पण जुलैच्या अखेरीस देशभर पांगलेली लेकरं-नातवंडं मुक्तिदिनाच्या जुन्या उत्सवासाठी घरी येतात.

डेन्व्हरहून कॅन्सस सिटीकडे जाणाऱ्या मराठी वाचकांनी वाकिनीजवळ हमरस्ता सोडावा. उत्तरेला हिल सिटी लागतं, त्या दलालाच्याच नावाचं. तिथून पूर्वेला वळावं आणि निकोडेमसला जाऊन यावं.