नवा पक्षी आणि तीस दिवस

आज पिकाचं नाही, पाखरांचं लिहितोय. पण ज्यांच्या दारात कोंबड्या आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा. नियम दोन्हीकडे एकच आहे.

लेकीकडे वर्षभरापासून एक बजरी आहे. आपल्याकडे बाजारात तिला लव्हबर्ड म्हणून विकतात, पण खरा लव्हबर्ड वेगळा, आफ्रिकेतला. बजरी म्हणजे ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट, वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम. (आपल्या रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. ढोलीतली पिल्लं घरी आणू नका.)

एकटी कंटाळते म्हणून लेकीनं दुसरी मागितली. घेऊन आलो. ती थेट पिंजऱ्याचं दार उघडायला निघाली. म्हटलं, थांब. तीस दिवस ही वेगळ्या खोलीत राहणार. पोरगी रुसली. "पप्पा, चांगली तर दिसतेय!"

चांगलाच दिसत होता तोही. चार वर्षांपूर्वी आठवडी बाजारातून एक देखणा कोंबडा आणला आणि त्याच संध्याकाळी आईच्या खुराड्यात सोडला. आमच्या कोंबड्यांना लासोटा दिलेली नव्हती. सहाव्या दिवशी हिरवी पातळ विष्ठा, मग माना वाकड्या. मानमोडी, म्हणजे राणीखेत. २३ पैकी ४ राहिल्या. अंड्याचे पैसे हा आईचा स्वतःचा पैसा. ती मला एक शब्द बोलली नाही. खुराडं झाडलं, चुना मारला आणि डालगं उपडं घालून ठेवलं. ते उपडं डालगं मला अजून दिसतं.

पाखरं आजार लपवतात. रानात आजारी दिसलं की शिकारी त्यालाच उचलतो, म्हणून अगदी शेवटापर्यंत धडधाकट असल्याचं दाखवतात. त्यामुळे नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. नवीचा पिंजरा मागच्या खोलीत, मधलं दार बंद. आधी जुनीचं दाणापाणी, नवीचं शेवटी. मग साबणानं हात धुवायचे, अंगातला सदराही बदलायचा. वाट्या वेगळ्या, झाडायचं फडकं वेगळं. पोपटांचा एक आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही होतो, म्हणून विष्ठा कोरडी झाडायची नाही. पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून पुसायची. आणि रोज सकाळी दाणे टाकायच्या आधी छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहायचं.

अकराव्या दिवशी वहीनंच सांगितलं. ३४ ग्रॅमची नवी ३० वर आली होती. दुपारपर्यंत पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली. पशुवैद्यकांकडे नेली, त्यांनी विष्ठा तपासून औषध दिलं. बरी झाली. पण आमचे दिवस पुन्हा एकपासून सुरू. जुनीला काहीच झालं नाही. त्या दिवसापासून पोरगी रुसली नाही, वजन तीच लिहायला लागली.

मुदत संपल्यावरही लगेच एकत्र नाही. आठवडाभर दोन पिंजरे शेजारी, हातभर अंतरावर. दोघी समोरासमोर दाणे टिपायला लागल्या, तेव्हा पंखा बंद करून, खिडक्या लावून दोघींना खोलीत सोडलं. जुनीच्या पिंजऱ्यात नवी घालायची नाही, ते तिचं घर असतं, ती हाकलणारच. आम्ही तिसरा मोठा पिंजरा घेतला, दोघींनाही नवा. वाट्या दोन, बसायच्या काठ्या लांब लांब. पहिले काही दिवस नजर ठेवली. थोडी चोचाचोची चालते, पण एक दुसरीला दाण्यावर येऊच देत नसेल किंवा रक्त निघालं तर परत वेगळं करायचं. आणि लहान-मोठ्या जातीचे पोपट एका पिंजऱ्यात कधीच नाही. मोठ्याची एक चोच बसली तर लहानाचं बोट तुटतं.

कोंबड्यांचंही असंच. नवी कोंबडी महिनाभर खुराड्यापासून लांब, चप्पल वेगळी, कामाला जुन्यांकडून नव्यांकडे जायचं, उलटं नाही. लसीचं वेळापत्रक दवाखान्यातून लिहून घ्या. मग आठवडाभर मधे जाळी, आणि शेवटी रात्री सगळ्या बसल्यावर आत सोडा.

परवा आई ओट्यावर बसून दोन्ही बजऱ्या बघत होती. म्हणाली, "त्या कोंबड्याला असंच बांधून ठेवायला पाहिजे होतं रे." चार वर्षांत पहिल्यांदा ती त्यावर बोलली. मी म्हटलं, "हो आई, चुकलं माझं."

पुढच्या आठवड्यात तिच्यासाठी पाच तलंगा आणतोय. खुराड्यात नाही, आधी तीस दिवस गोठ्याच्या पलीकडे.