मागून बघायची गाडी

प्यूजो ३०९ दुरुस्तीला आली की मी आधी बॉनेट उघडत नाही. गाडी सपाट जागी उभी करायला सांगतो, चार पावलं मागे जातो आणि मागची चाकं बघतो. ती सरळ उभी असली तर गाडीचं बाकी काहीही बिघडलेलं असो, काळजी नाही. वरच्या अंगाने आत झुकली असली, तर मात्र दुखणं मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे आणि ते किती खोल गेलंय हे खोलल्याशिवाय कळायचं नाही. मग टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवतो. बाहेरून नक्षी शाबूत आणि आतून तार दिसायला लागलेली, असे टायर मी पुष्कळ पाहिलेत. मालक दरवेळी अलाइनमेंट करून घेत असतात. मागच्या चाकांना तशी सोयच दिलेली नाही, त्यामुळे त्याने काडीचा फरक पडत नाही.

आजच्या तरुणांना ही गाडी ठाऊक नसणार. नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्यांना आपल्याकडे वाट मोकळी झाली, तेव्हा पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि कल्याणच्या कारखान्यात ३०९ बांधायला घेतली. युरोपात ती १९८५ पासून तयार होत होती. खरं तर ती टॅल्बॉटच्या नावाने बाजारात यायची होती, इंग्लंडमधल्या त्यांच्याच माणसांनी आखलेली. ऐनवेळी तिच्यावर प्यूजोचा सिंह बसला. दारं धाकट्या २०५ ची. तिकडे १९९३ मध्ये ३०६ आली आणि ३०९ चे दिवस सरले, त्यानंतर ती आपल्याकडे नवी म्हणून अवतरली. काही वर्षांतच इथलंही उत्पादन थांबलं. गाड्या रस्त्यावर राहिल्या, पाठीशी कंपनी राहिली नाही.

तरी लोक ती सोडत नाहीत, आणि याचं कारण त्या मागच्या अ‍ॅक्सलमध्येच आहे. मागे कॉइल स्प्रिंग नाहीत, पाटेही नाहीत. एक आडवी पोलादी नळी, तिच्या दोन टोकांना चाकाचे दोन आर्म, आणि गाडीच्या रुंदीभर आडवे पडलेले दोन टॉर्शन बार. चाक खड्ड्यात गेलं की आर्म फिरतो, बारला पीळ बसतो, आणि तो पीळच स्प्रिंगचं काम करतो. शॉकअ‍ॅबसुद्धा जवळपास आडवे निजवलेत. त्यामुळे डिकीत दोन्ही बाजूंना उंचवटे येत नाहीत, आणि खराब रस्त्यावर ही लहानशी गाडी मोठ्या गाडीच्या ऐटीत जाते. इतक्या कमी जागेत इतका आराम बसवणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

त्या नळीच्या टोकांत नीडल बेअरिंग असतात. आर्म पूर्ण फिरत नाही, थोडासाच वरखाली होतो. म्हणजे सुया आयुष्यभर त्याच इवल्याशा जागेत डुलत राहतात. बाहेरचं रबरी सील कडक झालं की पावसाळ्यात पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं. आर्म ओढून काढला की आधी तांबूस भुकटी सांडते. हा सुयांचा चुरा. आर्म ज्यावर फिरतो तो शाफ्ट पुसून उजेडात धरला तर भार येतो त्या अंगाला एकमेकींना लागून बारीक चऱ्या दिसतात, आणि दुसरं अंग आरशासारखं लखलखीत. चरी नखाला लागली की शाफ्ट बदलायचा. नुसतं नवं बेअरिंग घालून पैसे घेणारे आहेत. अशी गाडी वर्षभरात पुन्हा झुकते.

या कामात घाई चालत नाही ती बार काढताना. बारच्या टोकाला दाते आहेत आणि दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या वेगवेगळी आहे, त्यामुळे एक-एक दाता सरकवून गाडीची उंची अगदी बारकाईने बांधता येते. हीच गोष्ट नवख्याला गोत्यात आणते. म्हणून आधी खुणा: बारवर आणि आर्मवर समोरासमोर पंचाने ठिपका, डावा बार डाव्या बाजूला, उजवा उजव्या. शॉकअ‍ॅबच्या दोन बोल्टांमधलं अंतर मोजून तेवढ्याच अंतरावर भोकं पाडलेली लोखंडी पट्टी त्याच्या जागी बसवतो, म्हणजे जोडताना आर्म आपल्या उंचीवर धरलेला राहतो. वर्षानुवर्षं गंजलेला बार स्लाइड हॅमरलाही दाद देत नाही. तेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी पुन्हा ठोके. गॅस लावायचा नाही. स्प्रिंगचं पोलाद आहे, ज्योत लागली की त्याचं पाणी उतरतं आणि मग तो बार गाडीचा भार पेलत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.

आता सामान. दुकानात जाऊन ‘३०९ चं बेअरिंग द्या’ म्हटलं तर दुकानदार नाहीच म्हणणार. बेअरिंगला गाडीचं नाव ठाऊक नसतं. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी, एवढंच. व्हर्नियर लावून मापं घेतली आणि ती घेऊन गेलो, की काउंटरवरच्या माणसाचा चेहराच बदलतो. सीलचंही तसंच. शाफ्ट लेथवर करून घेता येतो, पण नरम लोखंडाचा नको. सुया थेट त्याच्यावर फिरतात, म्हणून हार्डनिंग करून वर ग्राइंडिंग हवंच. चांगला टर्नर हाताशी असणं हे माझ्या धंद्यातलं मोठं भांडवल आहे.

डिझेल गाडीच्या इंजिनाला मात्र सोयरे मिळाले. तिचं १५२७ सीसीचं टीयूडी-५ इंजिन पुढे मारुतीने झेन आणि एस्टीमच्या डिझेल मॉडेलांत घातलं, त्यामुळे आतलं बरंचसं सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर झेन डिझेलच्या नावाने शोधता येतं. इंजिन सरळ स्वभावाचं आहे. टायमिंग बांधताना कॅमच्या पुलीत, पंपाच्या पुलीत आणि फ्लायव्हीलला कंपनीनेच भोकं ठेवलीत. बोल्ट आणि पिना अडकवल्या की सगळं जागच्या जागी थांबतं आणि बेल्ट चढवता येतो. कूलंट भरताना तेवढं जपावं. वरच्या अंगाचे छोटे स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत पाणी वाहू द्यावं लागतं, नाहीतर हवा अडकते आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून वाकतं.

जे बिलकुल मिळत नाही ते म्हणजे रबराच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा, डॅशबोर्डचं प्लास्टिक. त्यासाठी मोडीत निघालेली गाडी शोधावी लागते. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी, ग्रीन टॅक्स, फिटनेसची तपासणी हेही आहेच. एक निवृत्त शिक्षक दरवेळी कागदांची पिशवी घेऊन येतात. गाडी जॅकवर असताना स्टूल ओढून शेजारी बसतात आणि विचारतात, ‘‘दादा, यंदा पावसाळा काढेल ना?’’

काढेल. हल्ली अ‍ॅक्सल खोलला की नळी रिकामी असतानाच मी तिला दोन्ही टोकांना भोक पाडून आटे पाडतो आणि ग्रीस निप्पल बसवतो. मूळ गाडीत ते नाहीत, आणि आपल्या पावसात ते असायलाच हवेत. भोकाच्या आतली कड कानशीने गुळगुळीत करायची, कीस शेवटच्या कणापर्यंत पुसायचा, मगच बेअरिंग आत. ज्यांच्या गाडीला निप्पल बसलेत त्यांनी मे महिना संपायच्या आत चक्कर मारावी. सीलच्या कडेने नवं ग्रीस डोकावेपर्यंत गन मारायची असते. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे मी पैसे घेत नाही.