मेथीसुद्धा सांगायची

आईला मधुमेह होऊन 12 वर्षं झाली. ग्लिमेपिराइडची गोळी चालू होतीच, गेल्या पावसाळ्यात तिने मेथीही सुरू केली. रात्री दोन चमचे दाणे वाटीत भिजत घालायचे, सकाळी अनोशापोटी ते पिवळसर, बुळबुळीत पाणी प्यायचं आणि फुगलेले दाणे चावून खायचे. महिन्याभरात साखर उतरली. आई खुशीत होती, मीही.

श्रावणातल्या एका सोमवारी तिने गोळी घेतली, मेथी खाल्ली आणि उपास म्हणून काही न खाता पूजेला बसली. साडेदहाला उठली तेव्हा हात थरथरत होते, ब्लाऊज घामाने भिजला होता, शब्द अडखळत होते. ग्लुकोमीटरवर आकडा आला 54. मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी 86. मग उपास बाजूला ठेवून तिला पोळी-भाजी खायला लावली.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "मेथीचं आधी का नाही सांगितलंत?"

"ती काय औषध आहे का सांगायला? घरातलीच ती," आई म्हणाली.

"घरातली आहे, पण कामाची आहे," डॉक्टर म्हणाले. भिजलेल्या दाण्याचा बुळबुळीतपणा म्हणजे त्यातला विरघळणारा तंतू. पोटात त्याचा दाट लगदा होतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मधुमेहाच्या रुग्णांवर मेथीचे प्रयोग केले आहेत, हेही त्यांनी सांगितलं. "गोळीने साखर उतरते, त्यात मेथीची भर, आणि वर तुमचा उपास. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही." गोळीचा डोस त्यांनी कमी केला. मेथी बंद केली नाही. ती जेवणासोबत, ठरलेल्या मापाने घ्यायला सांगितली.

परतताना मला माझं बाळंतपण आठवलं. मेथीचा लाडू सकाळी एकच मिळायचा. दुसरा मागितला की आजी डबा उचलून वरच्या फळीवर ठेवायची. माप तिलाही ठाऊक होतं. आम्ही गुण तेवढा उचलला, माप विसरलो.

आता आईच्या फाइलमध्ये औषधांच्या यादीत शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे: मेथी, 2 चमचे, दुपारच्या जेवणासोबत.